खाडीकाठची नगरे : वांद्रे पूर्वेतील वसाहतींचा इतिहास

स्वातंत्र्योत्तर भारतातील शहरांचा नकाशा समोर ठेवला तर एक शब्द पुन्हापुन्हा डोळ्यांत भरतो. तो शब्द म्हणजे 'नगर'. रायपुरात शंकर नगर आहे, नागपुरातही शंकरनगर आहे. मुंबईत तर गांधीनगर, नेहरूनगर, टिळकनगर, पंतनगर, टागोरनगर, कन्नमवारनगर अशी नामावळीच आहे. पूर्वीच्या शहरांत लोक आळीत, पेठेत, वाडीत किंवा चाळीत राहत. ती नावे जातीवरून, धंद्यावरून, एखाद्या देवळावरून किंवा घरमालकावरून पडलेली असत. 'नगर' मात्र आपोआप पडलेले नाव नव्हे. ते ठेवलेले नाव आहे. कोणीतरी आधी आराखडा काढला, जमीन मोजली, इमारतींना क्रमांक दिले आणि मग एखाद्या थोर पुरुषाचे नाव देऊन तिथे माणसे आणून वसवली, असा इतिहास या शब्दामागे उभा असतो.

हा इतिहास एका लहानशा भूभागात पाहायचा झाला तर मुंबईतील वांद्रे पूर्व हा परिसर त्यासाठी सोयीचा आहे. रेल्वेमार्ग, पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि मिठी नदीची खाडी यांच्या सान्निध्यात, अर्ध्या तासात पायी ओलांडता येईल एवढ्या अंतरात खेरनगर, गांधीनगर, शासकीय वसाहत, कलानगर आणि साहित्य सहवास या वसाहती उभ्या राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-अडीच दशकांत शासनाने नागरिकाच्या घराविषयी जो विचार केला, तो सगळा येथे शेजारी शेजारी मांडलेला दिसतो. तो विचार कसा जन्मला, त्याने कोणाला सामावून घेतले, कोणाला वगळले आणि पुढे त्याचे काय झाले, याचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

मुंबईत सार्वजनिक पैशातून घरे बांधण्याची कल्पना स्वातंत्र्यापूर्वीची आहे. १८९६ च्या प्लेगने शहराची दाणादाण उडवली आणि १८९८ साली 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, दादर-माटुंग्याच्या बाजूला नव्या वस्त्या आखल्या. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' निर्माण झाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील २०७ बीडीडी चाळी ही या खात्याची कामगिरी. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास मजल गेली. एक खोली, सामाईक व्हरांडा आणि मजल्यावरील सामाईक शौचालये हे या चाळींचे रूप होते. कामगाराला निवारा द्यावा, पण घर द्यावे असे सरकारला अद्याप वाटत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाने हे सगळे गणित मोडले. युद्धकाळातील उद्योग, ग्रामीण भागातील दुष्काळ आणि त्यानंतर फाळणी यांमुळे मुंबईकडे माणसांचा लोंढा सुरू झाला. आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीत १९४१ साली सुमारे अठरा लाख लोक राहत होते. १९५१ च्या जनगणनेत ही संख्या तीस लाखांच्या घरात गेली. त्यातच १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. जुन्या भाडेकरूंचे भाडे त्याने युद्धपूर्व पातळीच्या आसपास गोठवले. भाडेकरूला मोठा आधार मिळाला हे खरे, पण भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधण्यात खाजगी मालकाला स्वारस्य उरले नाही. मुंबईतील सामान्य माणूस पिढ्यानपिढ्या भाड्याच्या खोलीत राहत आला होता. ती खोली बांधणारा मालकच आता बाजूला झाला. ही जागा भरून काढण्याची जबाबदारी शासनावर आली.

१९४८ साली मुंबई राज्याने गृहनिर्माण मंडळाचा कायदा केला आणि १९४९ मध्ये 'मुंबई गृहनिर्माण मंडळ' अस्तित्वात आले. त्या काळी राज्याचे कामगारमंत्री असलेले गुलझारीलाल नंदा यांनी या मंडळाचे अध्यक्षपद भूषविले होते. अहमदाबादच्या गिरणी कामगार चळवळीतून आलेल्या नेत्याकडे हे काम असावे, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. घर हा वेतनाइतकाच कामगाराच्या जीवनाचा प्रश्न आहे, ही जाण त्या पिढीत होती. याच सुमारास शेजारच्या मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती आणि ज्यात रायपूरही होते, १९५० चा गृहनिर्माण मंडळ कायदा झाला. पुढे राज्यांची फेररचना झाली, विदर्भ महाराष्ट्रात आला आणि १९६० साली त्याच जुन्या कायद्याच्या आधारे 'विदर्भ गृहनिर्माण मंडळ' स्थापन झाले. मुंबईचे नगर आणि नागपूरचे नगर यांचा वंश असा जवळचा आहे.

पैशाची सोय मात्र दिल्लीतून झाली. १९५२ मध्ये केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहनिर्माण योजना सुरू केली. गृहनिर्माण मंडळांना बांधकामाच्या खर्चापैकी निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी कर्ज म्हणून मिळे. १९५४ मध्ये अल्प उत्पन्न गटाची योजना आली. तिची मर्यादा वार्षिक सहा हजार रुपये उत्पन्नाची होती. १९५६ मध्ये गलिच्छ वस्ती निर्मूलनाची योजना आली, तर १९५९ मध्ये मध्यम उत्पन्न गटासाठी आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या भाड्याच्या घरांसाठी अशा दोन योजना सुरू झाल्या. सात वर्षांत पाच योजना झाल्या. प्रत्येकीचा माणूस वेगळा होता. कोणाचे घर किती मोठे, हे त्याच्या वेतनपत्रकावरून ठरू लागले.

या योजनांना जमीन हवी होती, आणि ती शहराच्या जुन्या हद्दीत उरली नव्हती. अभियंता एन. व्ही. मोडक आणि अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांनी १९४८ साली बृहन्मुंबईचा जो रूपरेषा-आराखडा मांडला, त्याचा रोख उपनगरांकडे होता. १९५० मध्ये वांद्रे, कुर्ला, अंधेरी ही उपनगरे महापालिकेच्या हद्दीत आली. तोपर्यंत वांद्र्याला स्वतःची नगरपालिका होती. वांद्रे म्हटले की रेल्वेच्या पश्चिमेचे वांद्रे डोळ्यांपुढे येई : पाली हिल, ख्रिस्ती गावठाणे, माउंट मेरीची जत्रा. पूर्वेला मात्र दलदल, तिवरांची झाडी आणि भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाजण जमीन होती. स्थानकाजवळ शहराचा कत्तलखाना होता. तो १९७१ मध्ये देवनारला हलविण्यात आला. ज्या जमिनीला बाजारात भाव नव्हता तीच शासनाच्या हाती मोकळी होती, आणि म्हणूनच तेथे सामान्यांसाठी घरे बांधता आली. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण या परिसराची पुढील सारी कथा जमिनीच्या भावाभोवतीच फिरते.

खेरनगर हे नाव मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यावरून आले. त्याच्या जवळच गांधीनगर आहे, आणि तेथेच मध्यम उत्पन्न गटाची वसाहत आहे. तिला आजही सगळे 'एमआयजी कॉलनी' म्हणूनच ओळखतात. शासनाच्या फायलीतील उत्पन्नगटाचे आद्याक्षर एखाद्या वस्तीचे नाव होऊन बसावे, आणि तेथील रहिवाशांनी ते काहीशा अभिमानाने वापरावे, हा या काळाचा खास विशेष होय. महामार्गाच्या बाजूला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मोठी शासकीय वसाहत उभी राहिली. तेथील घर नोकरीबरोबर मिळे आणि निवृत्तीबरोबर सोडावे लागे.

या सर्व वसाहतींत स्थापत्याचे एक साम्य होते. तीन-चार मजल्यांच्या, लिफ्टविना बांधलेल्या साध्या इमारती, दोन इमारतींमध्ये ऊन-वारा येईल एवढे अंतर, मध्ये मोकळे पटांगण. कामगारांसाठीचा गाळा दोनशे-सव्वादोनशे चौरस फुटांच्या आसपास असे. मध्यम उत्पन्न गटाचा त्याहून बराच मोठा. तरी चाळीच्या खोलीशी तुलना करता मोठा फरक पडला होता. स्वयंपाकघराला वेगळी जागा मिळाली, मोरी आणि शौचालय घराच्या आत आले, आणि दार लावून घेता येऊ लागले. चाळीत दार दिवसभर उघडे असे. कारण व्हरांडा हाही घराचाच भाग होता. गाळ्यात आल्यावर कुटुंब प्रथमच स्वतःपुरते झाले. स्त्रियांच्या दृष्टीने नळाच्या रांगेतून आणि सामाईक शौचालयाच्या संकोचातून सुटका ही लहान गोष्ट नव्हती.

सरकारने बांधलेल्या या घरांच्या शेजारीच, सहकाराच्या मार्गाने, आणखी एक प्रयोग झाला. सहकारी गृहरचनेची परंपरा मुंबईत जुनी होती. रावबहादूर एस. एस. तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली होती. मात्र आरंभीच्या अनेक संस्था एका जातीच्या किंवा ज्ञातीच्या लोकांनी स्थापन केलेल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर माणसांना जोडणारा दुवा ज्ञातीऐवजी व्यवसाय असू शकतो, ही कल्पना पुढे आली. चित्रकार-शिल्पकारांचे कलानगर आणि लेखकांचे साहित्य सहवास ही तिची दोन उदाहरणे होत.

१९६० साली संयुक्त महाराष्ट्र अस्तित्वात आला. त्याच वर्षी नवा सहकारी संस्था कायदा झाला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचे साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. मराठी भाषेच्या नावाने उभ्या राहिलेल्या राज्याने मराठी लेखकाची काही चिंता वाहावी, हे तेव्हा स्वाभाविक मानले जाई. साहित्य सहवासची वसाहत या १९६० च्या दशकातली आहे. कलानगरला लागून, मिठीच्या बाजूला, लेखक-प्राध्यापक-पत्रकारांनी सहकारी तत्त्वावर ही घरे उभारली. लेखनावर घर चालत नसल्याने यांतील बहुतेकजण नोकरदार होते.

शासकीय वसाहतीत इमारतींना क्रमांक होते. साहित्य सहवासातील इमारतींना 'झपूर्झा', 'उषःकाल', 'शाकुंतल', 'अभंग' अशी नावे मिळाली. केशवसुतांची कविता, हरिभाऊ आपट्यांची कादंबरी, कालिदासाचे नाटक आणि संतांचा छंद यांनी जिन्यांना पत्ता दिला. पोस्टमनच्या तोंडी 'झपूर्झा' हा शब्द रोज यावा, अशी वस्ती महाराष्ट्रात दुसरी क्वचितच असेल. विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ, य. दि. फडके, प्रा. रमेश तेंडुलकर अशी मंडळी येथे राहिली. 'धर्मयुग'चे संपादक आणि हिंदीतील श्रेष्ठ लेखक धर्मवीर भारती यांचेही घर येथेच होते. मराठी लेखकांच्या वस्तीत हिंदीलाही जागा होती. १९८१ साली रायपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद गाडगीळांकडे होते, तर २००० च्या बेळगाव संमेलनाचे य. दि. फडके यांच्याकडे. विंदांना २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. रमेश तेंडुलकर यांचा मुलगा सचिन याचे बालपणही याच वसाहतीत गेले. इमारतींच्या मध्ये पटांगण ठेवण्याचा नगररचनाकाराचा नियम मुलांच्या किती उपयोगी पडतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

एवढे वाचून हा सारा काळ सुवर्णयुगाचा होता असे कोणास वाटेल, तर ते बरोबर होणार नाही. या वसाहतींच्या जवळच, रेल्वेला लागून, बेहरामपाडा वाढत होता. तेथील माणसे कोणत्याही योजनेत बसत नव्हती. औद्योगिक कामगारांच्या योजनेचा लाभ कारखाना कायद्याखाली नोंद असलेल्या कामगाराला मिळे. हमाल, फेरीवाला, घरकाम करणारी बाई, बांधकामावरील बिगारी यांची नोंद कुठेच नव्हती. अल्प उत्पन्न गटाच्या योजनेलाही नियमित उत्पन्नाचा दाखला लागे. हप्ता फेडण्याची ऐपत दाखवता येत नसेल, तर गरिबी कितीही खरी असली तरी ती सरकारदरबारी उपयोगाची नव्हती. ज्यांनी या इमारतींच्या विटा वाहिल्या, त्यांच्यासाठी त्या इमारतींत जागा नव्हती. लेखकांना सवलतीने जमीन मिळू शकली; त्यांच्या अंगणातला कचरा उचलणाऱ्याला तशी मिळाली नाही. १९७१ मध्ये झोपडपट्टीविषयक कायदा झाला, १९७६ मध्ये झोपड्यांची गणना झाली, तेव्हा कुठे या नागरिकांची शासनाने दखल घेतली. तीही घर देण्यासाठी नव्हे, तर आहे तिथे नळ, दिवा आणि संडास पुरविण्यासाठी.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवेल. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ सालची. ज्या वर्षांत मध्यमवर्ग चाळीतून गाळ्यात जाऊ लागला होता, नेमक्या त्याच वर्षांत मराठीने चाळीला हसत हसत निरोप दिला. जयवंत दळवींची 'चक्र' १९६३ ची. तिने झोपडपट्टीचे जग मराठी कादंबरीत आणले. चाळ आणि झोपडपट्टी यांची अशी ठळक प्रतिमा आपल्या मनावर कोरली गेली आहे. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीची तशी एकच एक प्रतिमा तयार झाली नाही. नोकरी, हप्ता, मुलांची परीक्षा आणि रविवारचे पाणी यांत जाणारे आयुष्य नाट्यमय नसते, हे त्याचे एक कारण असावे. दुसरे असे की लिहिणाराच तेथे राहत होता, आणि पायाखालची जमीन माणसाला सहसा दिसत नाही.

ती जमीन पुढे सर्वांनाच दिसू लागली. १९७५ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलासाठी त्याची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. दक्षिण मुंबईतील कार्यालयांची गर्दी कमी करावी, यासाठी मिठीच्या दोन्ही तीरांवरील सखल जमीन भराव घालून वापरात आणली गेली. बँकांची मुख्यालये आली, शेअरबाजार आला, २०१० मध्ये हिरेबाजार आला. दलदल म्हणून जी जमीन कारकुनाला आणि कवीला मिळाली होती, ती देशातील अत्यंत महाग जमिनीची शेजारीण झाली. मिठीला मात्र या भरावाची किंमत पडली, आणि तिच्याबरोबर काठच्या माणसांनाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मिठीकाठच्या इतर वस्त्यांबरोबर कलानगरचा परिसरही जलमय झाला. नदीने नकाशा पाहिला नव्हता. झोपडी आणि सहकारी संस्था यांत तिने भेद केला नाही.

दरम्यान गृहनिर्माणाचे तत्त्वही बदलले होते. १९७६ च्या कायद्यानुसार मुंबई आणि विदर्भ या दोन्ही मंडळांसह दुरुस्ती मंडळ व झोपडपट्टी सुधार मंडळ एकत्र करून ५ डिसेंबर १९७७ पासून 'म्हाडा' कार्यरत झाली. तिचे मुख्यालय, गृहनिर्माण भवन, कलानगरलाच आहे. भाड्याने दिलेले गाळे हळूहळू रहिवाशांच्या मालकीचे झाले, त्यांच्या सहकारी संस्था झाल्या, जमीन भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे गेली. रहिवाशांच्या बाजूने पाहता यात गैर काही नव्हते. तीस वर्षे भाडे भरणाऱ्याला घराची शाश्वती हवीच होती. पण त्याबरोबर शासनाकडील भाड्याची घरे संपत गेली. नव्याने शहरात येणाऱ्या कामगारासाठी ती पुन्हा त्या प्रमाणात बांधली गेली नाहीत.

त्यापुढचा टप्पा पुनर्विकासाचा. म्हाडाच्या अभिन्यासांसाठी चटई क्षेत्र निर्देशांक २००८ साली अडीच व पुढे तीनपर्यंत वाढविण्यात आला. याचा अर्थ असा की चार मजल्यांच्या जागी बहुमजली मनोरा उभारून, जुन्या रहिवाशाला मोठे घर देऊनही विकसकाला विकण्यासाठी घरे उरतात. गांधीनगरच्या परिसरात असे मनोरे उभे राहिले आहेत. गळक्या छतांखाली आणि उखडलेल्या गिलाव्यात वर्षे काढलेल्या माणसाला लिफ्टचे, पक्क्या भिंतीचे घर मिळाले, याचे समाधान मानायला हवे. शासकीय वसाहतीच्या जमिनीवर मुंबई उच्च न्यायालयाचे नवे संकुल उभारण्याचे ठरले असून नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची कोनशिला बसविण्यात आली. ज्या भूमीवर न्यायालयाच्या कारकुनासारख्या माणसांनी संसार केले, तेथे आता न्यायालयच येत आहे.

या सगळ्याचा ताळेबंद मांडताना एक प्रश्न उरतो. १९६० च्या दशकातील महाविद्यालयीन प्राध्यापक, मंत्रालयातील लिपिक किंवा गिरणीतील कामगार हे या शहराच्या जमिनीचा बाजारभाव देऊ शकत होते म्हणून येथे राहिले नाहीत. जमीन बाजारातून बाजूला काढली गेली, त्यांच्या उत्पन्नाचा हिशेब आधी केला गेला आणि घराची किंमत मागाहून ठरली, म्हणून ते येथे राहू शकले. त्या रचनेत उतरंड होती, वगळलेले लोक होते, हे वर सांगितलेच. तिची उणीव ही होती की तिने आपली मर्यादा पगारी माणसापाशी आखली. तिची दुरुस्ती ती मर्यादा अधिक खाली नेऊन, घरकाम करणाऱ्या बाईपर्यंत आणि हमालापर्यंत नेऊन व्हायला हवी होती. प्रत्यक्षात मर्यादाच काढून टाकली गेली आणि किंमत ठरविण्याचे काम पुन्हा बाजाराकडे गेले. आज एखादा तरुण कवी कोकणातून किंवा मराठवाड्यातून मुंबईत नोकरीला आला, तर 'झपूर्झा'च्या जिन्यापर्यंत तो पाहुणा म्हणून जाऊ शकेल. रहिवासी म्हणून जाण्याची वाट त्याला उरलेली नाही.

नावे मात्र शिल्लक आहेत. खेरनगरात खेरांचे नाव आहे, गांधीनगरात गांधींचे आहे. वसाहतीचे 'नगर' हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात एक वचन होते : शहर ज्यांच्या श्रमावर चालते, त्यांना शहरात घर असेल. ते वचन अर्धेच पाळले गेले. जुन्या इमारती पडताना आणि नव्या उभ्या राहताना त्या उरलेल्या अर्ध्याची आठवण ठेवणे, एवढे काम इतिहासाने करावयाचे आहे.